तोफा आणि तोफखाना : सातारा-सांगलीकडचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न गडांवर जाणारी मंडळी, शाळेचे प्रकल्प करणारी मुले, सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण आणि शेतात जुना गोळा सापडलेले शेतकरी विचारतात. उत्तरे कुठे लांब आहेत, कुठे दोन ओळींची. तोफेचा विचार करताना नुसत्या नळीकडे पाहू नये. दारू, गोळा, गाडा, बैल, रस्ता, गोलंदाज आणि गोळा कुठे पडतोय हे पाहणारा डोळा, यांतले एक जरी नसेल तरी तोफ म्हणजे लोखंडाचा ओंडका. पुढची बहुतेक उत्तरे फिरून तिथेच येतात.

अजिंक्यताऱ्यासारख्या उंच गडावर तोफा असताना शत्रू तटापर्यंत पोचायचाच कसा?

उंचीचा फायदा पल्ल्याला होतो, पायथ्याला होत नाही. गाड्यावरच्या तोफेचे तोंड खाली वाकवायला मर्यादा असते. फार वाकवले की गोळा पुढे सरकतो आणि गोळा व दारू यांच्यात पोकळी राहते. अशी तोफ डागली तर नळीच फाटायची भीती. म्हणून गोळ्यापुढे डाट, म्हणजे घट्ट बोळा, ठासून बसवत, पण तरीही कड्याच्या थेट खालचा पट्टा माऱ्यातून सुटतोच. उंचावरून तिरपा आलेला गोळा जमिनीत रुततो. सपाटीवर तोच गोळा टप्पे घेत रांगाच्या रांगा कापत जातो.

त्यामुळे डोंगरी गडाचा खरा बचाव पायथ्याशी तोफेने होत नसे. तिथे कामाला येत ते वरून लोटलेले दगड, जंग्यांतून, म्हणजे तटातल्या भोकांतून, चाललेल्या बंदुका आणि रात्रीचे छापे. तोफेचे काम दूरचे: मोर्चे बांधणाऱ्या बेलदारांना सुखाने काम करू न देणे, दारूच्या गाड्या अडवणे आणि इशारत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडावरून झालेला तोफेचा बार जावळीच्या रानात दबा धरलेल्या फौजेसाठी होता. त्या दिवशी तोफेने केलेले सर्वात मोठे काम म्हणजे तो आवाज.

मग औरंगजेबाने सातारचा गड, म्हणजे हाच अजिंक्यतारा, घेतला तो तोफांनी की सुरुंगांनी?

दोन्ही वापरले. गड मात्र मोडकळीला आणला तो सुरुंगांनी आणि थकव्याने. वेढा डिसेंबर १६९९ मध्ये पडला. मोगल तोफखान्याचा प्रमुख तरबियत खान. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. खालून वर डागलेला गोळा तटावर पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो, आणि काळ्या कातळावर उभ्या चिऱ्यांच्या तटाला त्याने टवके उडतात, खिंडार पडत नाही. तोफा वर चढवायला वाट नाही आणि वर चढवल्या तर त्या माऱ्याच्या टप्प्यात येतात. म्हणून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले.

१३ एप्रिल १७०० ला दोन सुरुंग उडाले. पहिल्याने तट आतल्या बाजूला पडला आणि गडावरची माणसे गाडली गेली. प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेर, म्हणजे हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच कोसळला. सुमारे २,००० माणसे गेली असे मानतात. कारण सरळ आहे. स्फोटाचा जोर सर्वात कमी भार असेल त्या बाजूने बाहेर पडतो. सुरुंगाची कोठी तटाच्या मध्यरेषेच्या किती आत, तिच्यावर किती कातळ, मागचे तोंड किती घट्ट बुजवले, यांतला अंदाज हुकला की तट नको त्या बाजूला पडतो. गड २१ एप्रिलला वाटाघाटीने खाली झाला.

वासोट्यासारखा अवघड गड १८१८ मध्ये इतक्या लवकर कसा पडला?

उखळी तोफांमुळे, आणि समोर जुना वासोटा असल्यामुळे. जनरल प्रिट्झलरच्या फौजेने जंगलातून वाट काढून समोरच्या या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून भडिमार केला. सुमारे एका दिवसात किल्लेदाराने गड सोडला. हे एप्रिल १८१८ मधले. सातारच्या छत्रपतींच्या घरातली माणसे आणि दोन इंग्रज अधिकारी तेव्हा गडावर अटकेत होते.

उखळी तोफ आखूड, रुंद तोंडाची. गोळा ४५ अंशांच्या वर उडवते, त्यामुळे तो तटाला धडकत नाही, तटावरून आत पडतो. आत पडतो तो कुलपी गोळा: पोकळ, दारू भरलेला, पेटती वात घातलेला. वात लांब राहिली तर गोळा जमिनीत रुतून उशिरा फुटतो, आखूड राहिली तर हवेतच फुटतो. तेव्हा वात कापणारा माणूस हाच खरा नेमबाज. अशा माऱ्यापुढे तट कितीही उंच असला तरी छपरे, गवताच्या गंजी आणि दारूकोठार उघडी पडतात. पुढच्याच महिन्यात, मे १८१८ मध्ये, रायगडही उखळी माऱ्याने आणि आगीने हातचा गेला. ज्या गडाशेजारी त्याच्याच उंचीचा डोंगर आहे त्या गडाला हा धोका जन्मापासून होता. उखळी तोफ तिथे पोचेपर्यंत तो दिसला नाही, इतकेच.

मिरज आणि सांगलीचे किल्ले सपाटीवर आहेत. ते तोफेपुढे टिकायचे कसे?

भुईकोटाचा हिशोब वेगळा. तिथे खंदक, रुंद तट आणि मातीचा भराव यांवर मदार. चिऱ्यांची पातळ भिंत गोळ्याने तडकते आणि तिच्या कपच्या आतल्या माणसांनाच लागतात. मातीचा जाड तट गोळा गिळून टाकतो. म्हणून बाहेर दगड, आत माती अशी रचना. मिरजेचा किल्ला १७३९ मध्ये घेताना शाहू महाराज स्वतः मोहिमेवर गेले होते. पुढे १८०० च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धनांनी सांगली वेगळी केली आणि गणेशदुर्ग उभा राहिला, तेव्हा किल्ल्यांचा काळ सरत आला होता.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा मुद्दा मात्र कुणी लक्षात घेत नाही. पावसाळ्यात या मातीत अवजड तोफेची चाके तुंब्यापर्यंत रुततात. आश्विनाआधी मिरजेला वेढा घालायचा म्हणजे तोफा मागेच ठेवून जायचे. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत त्यामागे जमीन वाळणे आणि नद्या उतरणे हे अगदी व्यवहाराचे कारण आहे.

एक मोठी तोफ चालवायला नेमके काय काय लागे?

२४ पौंडी वेढ्याची तोफ धरू. नळी एकटी अडीच टनांच्या आसपास. एक गोळा १०.९ किलो. २०० गोळे नेले तर २.२ टन. प्रत्येक गोळ्यामागे त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाची दारू धरली तर आणखी ७३० किलो. गोळे आणि दारू बैलांच्या पाठीवर नेली, बैलामागे ९० किलो धरले, तर ३२-३३ बैल नुसत्या दारूगोळ्याला. तोफ ओढणारे वेगळे. मोगलांच्या अवजड तोफांना बैलांच्या २०-२० जोड्या लागत आणि चढावर मागून हत्ती रेटत. त्यात गाडीवान, लोहार, सुतार, बेलदार, दोर, जादा चाके आणि या सगळ्या जनावरांचा चारा. एक तोफ म्हणजे एक चालते गाव. वाटेत चारा संपला की तोफ थांबते, मग तिची नळी कितीही चांगली असो.

जुनी तोफ डागायची पद्धत काय होती?

इतिहास म्हणून क्रम समजून घ्या. आधी ओल्या पुसण्याने नळी आतून पुसायची, म्हणजे आधीच्या बारातले निखारे विझतात. पुसताना एकाने काना, म्हणजे बत्ती द्यायचे छिद्र, घट्ट दाबून धरायचा, कारण तिथून हवा आत गेली की राहिलेली ठिणगी फुलते. मग दारू, मग डाट, मग गोळा, गरज पडली तर पुन्हा डाट, आणि लांब गजाने ठासून सगळे एकमेकांना चिकटवायचे. कान्यात बारीक दारू. मागच्या बुडाखालची पाचर आत-बाहेर करून तोंड वर-खाली करायचे. माणसे बाजूला, मग बत्ती. बार होताच तोफ गाड्यासकट मागे उसळते. ती परत जागेवर रेटायची, नेम पुन्हा पहिल्यापासून धरायचा.

चुका कुठे होत? पुसणे घाईत झाले की नवी दारू ठासतानाच पेटे आणि गज धरणाऱ्याचे हात जात. गोळा पुरता आत गेला नाही तर नळी फाटे. सततच्या बारांनी नळी तापली की दारू आपोआप पेटायचा धोका आणि पितळी तोफ मऊ पडून वाकायची भीती. दमट दारूने बार फुसका होई. सोऱ्यात, म्हणजे दारूतल्या मुख्य क्षारात, मीठ राहिले असेल तर दारू पावसाळ्यात ओल धरते, म्हणून दारूकोठारे वस्तीपासून लांब, जाड भिंतींची आणि कोरड्या जागी बांधत.

पल्ला आणि वेग किती असे?

मैदानी तोफेचा उपयोगी पल्ला ८०० ते १,००० मीटर. गोळा त्याच्या पुढेही जाई, पण लागेल याचा भरवसा नसे. सुटे छर्रे तीनेकशे मीटरच्या आत घातक. कवायती तोफखाना मिनिटाला दोन बार सहज करी. गडावरच्या अवजड तोफा मात्र तासाला मोजकेच बार करत.

गडावर पडलेली तोफ कुठली, कशी ओळखायची?

आधी ती कशी बनवली ते पाहा. तोंडातून आत टॉर्च मारा. लांबीच्या दिशेने सांधे दिसले आणि बाहेरून ठरावीक अंतरावर जाड कडी असली, तर ती घडीव लोखंडाची: पट्ट्या उभ्या जोडून वर तापवलेली कडी चढवलेली. थंड होताना कडी आवळते आणि पट्ट्या घट्ट बसतात. हे काम दख्खनच्या लोहारांना उत्तम येत होते. ही तोफ बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, जास्त सांभाळून घेते, कारण फाटायच्या आधी तिच्या सांध्यांतून धूर येऊ लागतो. बिडाची तोफ मात्र एकदम तुकडे होऊन फुटते.

बिडाची ओतीव तोफ एकसंध असते. अंगावर मोजक्या पट्ट्या, मागे गोल बोंड, दोन्ही बाजूंना आडवे खुंट. अशा तोफा बऱ्याचदा युरोपीय व्यापारी कंपन्यांकडून आलेल्या असतात. पितळी किंवा पंचरशी तोफेवर हिरवट थर येतो. तिच्यावर लेख आणि नक्षी उठावात असते. आडवे खुंट नसलेली तोफ लाकडी चौकटीत जखडून वापरत. खाली दुबेळके असलेली छोटी नळी म्हणजे जंबुरक, बुरुजावर किंवा उंटावर फिरवायची.

इंग्रजी तोफेवर कान्याजवळ तीन आकडे असतील तर ते वजन आहे. समजा २०-२-१४ आहे. पहिला आकडा ११२ पौंडांच्या मापाचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे २,२४० अधिक ५६ अधिक १४, एकूण २,३१० पौंड, सुमारे १,०४८ किलो. अक्षरे पुसट असतील तर टॉर्च अंगाला जवळजवळ समांतर, आडवा धरा, उठाव सावलीने दिसतो. तारेचा ब्रश, नाणे, खडा यांनी घासू नका. जे तुम्हाला आज दिसत नाही ते उद्याच्या अभ्यासकाला दिसू शकते, घासून गेले तर कुणालाच नाही.

मापे घेताना तोंडाचा आतला व्यास दोन दिशांनी घ्या, कारण तोंड झिजून लंबगोल झालेले असते. काठी आत घालून पोकळीची लांबी घ्या आणि बाहेरची लांबी वेगळी. शेवटी काठी अडखळून अरुंद जागी शिरली तर आत दारूची वेगळी कोठी आहे. ही नोंद फार मोलाची, आणि बहुतेक जण ती विसरतात.

तोंडाच्या मापावरून गोळ्याचे वजन काढता येते का?

येते. गोळा नळीपेक्षा थोडा लहान असे, साधारण विसाव्या हिश्शाने. नळी १०.५ सेंटिमीटर असेल तर गोळा १० धरा. व्यासाचा घन करा आणि बिडासाठी ०.००३७७ ने गुणा. १० चा घन १,०००, म्हणजे सुमारे ३.८ किलो. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा गोळा असेल तर ०.००१४७ ने गुणा, म्हणजे दीड किलो. त्याच नळीतून दगड उडवला तर वजन निम्म्याहून कमी आणि धडकही तितकी कमी.

मराठ्यांचा तोफखाना कमकुवत होता हे खरे का?

सरसकट खरे नाही, आणि हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला टेकीला आणले. तोच तोफखाना ११ महिन्यांनी पानिपतावर होता. तिथे ठरली होती ती गोलाची लढाई: तोफा आणि गारदी, म्हणजे कवायती पायदळ, यांच्या आधाराने घट्ट बांधून सरकायचे. १४ जानेवारी १७६१ ला सुरुवातीला गारद्यांनी समोरची फळी मागे रेटलीही. पण घोडदळाच्या काही पथकांनी फळी सोडून पुढे धाव घेतली आणि आपलीच माणसे आपल्या तोफांच्या तोंडापुढे आली. तोफा गप्प झाल्या. अवजड तोफ लढाई सरकेल तशी सरकत नाही. अब्दालीकडे उंटांवरची जंबुरके होती, ती माणसांबरोबर पळत होती. तोफांचा दर्जा दोन्हीकडे वाईट नव्हता. तोफखाना आणि घोडदळ यांची एकमेकांबरोबर लढायची सवय इकडे नव्हती.

आता आसईची लढाई घ्या, २३ सप्टेंबर १८०३. शिंद्यांच्या पलटणींचा तोफखाना इतका नेमका होता की इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज मारले जाऊन त्या निकामी झाल्या. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. इंग्रजांना शेवटी ९८ तोफा मिळाल्या, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले वा जखमी झाले. तोफा आणि गोलंदाज पहिल्या दर्जाचे होते. वर हुकूम देणारे मात्र गळालेले होते: लढाईच्या आधीच कित्येक युरोपीय अधिकारी कंपनीच्या बोलावण्यावरून निघून गेले होते आणि सरदारांत एकवाक्यता नव्हती.

पेशव्यांच्या तोफखान्यात पानसे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या काम केले. त्यांच्यापुढची खरी अडचण मापांची होती. तोफा वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या तोंडांच्या. प्रत्येकीला वेगळा गोळा. ऐन वेळी गोळा मोठा निघाला तर आत जात नाही, लहान निघाला तर बाजूने धूर निसटून जोर जातो आणि गोळा भरकटतो. युरोपात अठराव्या शतकात तोफांची मापे ठरवून टाकली गेली, इकडे ते सगळीकडे झाले नाही. आमच्या मते तोफखान्याच्या इतिहासात सर्वात कमी लिहिली गेलेली गोष्ट हीच आहे.

विजापूरची मलिक-ए-मैदान खरेच लढाईत उपयोगी होती का?

जतकडून विजापूर जवळ, त्यामुळे हा प्रश्न सांगलीकडून नेहमी येतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ सुमारे ५५ टनांची आणि तोंड ७० सेंटिमीटरच्या आसपास. ओतकाम म्हणून थक्क करणारी. पण हलवायला अशक्यप्राय आणि भरायला वेळखाऊ. बुरुजावर ठेवली की ती दरारा निर्माण करते. त्याच धातूत कित्येक मैदानी तोफा झाल्या असत्या आणि त्या मोहिमेवर गेल्या असत्या.

आजची तोफ आणि जुनी तोफ यांत मूळ फरक काय?

चार फरक. तोफ मागून भरली जाते. नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे लांबट गोळा गिरकी घेत सरळ जातो. धक्का शोषणारी यंत्रणा असते, म्हणून बार झाल्यावर तोफ जागची हलत नाही आणि नेम कायम राहतो. १८९७ ची फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफ हे करून दाखवणारी पहिली गाजलेली तोफ. आणि चौथा फरक सर्वात मोठा: गोलंदाजाला लक्ष्य दिसतच नाही. तोफ डोंगरामागे, पाहणारा पुढच्या टेकडीवर, मध्ये हिशोब करणारी तुकडी आणि संदेशवहन. दोन्ही महायुद्धांत सैनिक सर्वाधिक मेले ते अशा न दिसणाऱ्या तोफांनी.

हिशोबात वारा, हवेची घनता, दारूचे तापमान, नळीची झीज आणि लांब पल्ल्याला पृथ्वीचे फिरणेही धरावे लागते. काहीच न धरता २० किलोमीटरवर डागले तर गोळा शेकडो मीटर चुकतो.

भारताच्या १५५ मिलिमीटर तोफांत बोफोर्स, तिच्यावरून बेतलेली धनुष, पट्ट्यांवर चालणारी के-९ वज्र आणि हेलिकॉप्टरला टांगून नेता येणारी, चार टनांच्या आसपास वजनाची एम-७७७ आहे. आपल्या पुण्यात पाषाणच्या शस्त्र-संशोधन संस्थेत आखलेल्या एटॅग्स या ओढत न्यायच्या तोफेच्या ३०७ नगांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. तिचा पल्ला ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. पिनाका अग्निबाणही याच संस्थेचे, एका गाडीवरून ४४ सेकंदांत १२ सुटतात.

वाहतुकीचा हिशोब मात्र तसाच राहिला. गोळा साधारण ४५ किलोचा. सहा तोफांच्या एका बॅटरीने मिनिटाला तीन या वेगाने पाच मिनिटे मारा केला की ९० गोळे, म्हणजे चार टन. रेजिमेंटच्या १८ तोफांचे १२ टन. बैल गेले, ट्रक आले.

कारगिलमध्ये तोफखान्याने नेमके काय केले?

मे ते जुलै १९९९ मध्ये अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि अग्निबाण डागले गेले. चढाई करणारे पायदळ उघड्या कातळावर होते आणि वर शत्रूचे बंकर. तोफखान्याचे काम शत्रूची मान वर होऊ न देणे. पायदळ अगदी जवळ पोचेपर्यंत मारा चालू ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी पुढे सरकवायचा. बोफोर्स काही ठिकाणी बंकरवर थेट नेम धरूनही वापरली.

अडचणी डोंगराच्या. विरळ हवेत गोळा जास्त लांब जातो, म्हणून सखल भागातले तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. अरुंद कड्यावर मारा करताना गोळा थोडा लांब पडला तर मागच्या दरीत जातो, थोडा आखूड पडला तर आपल्याच माणसांच्या अंगावर येतो. सपाटीवरची ५० मीटरची चूक तिथे हजार फुटांची होते. म्हणून पायदळाबरोबर वर चढलेला तोफखान्याचा निरीक्षक अधिकारी हा त्या लढाईचा कणा होता. द्रासजवळच्या ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव दिले गेले ते तोफखान्याच्या या कामासाठी.

ड्रोन आल्यावर तोफा कालबाह्य होणार का?

युक्रेनमध्ये उलटे दिसले. ड्रोनने तोफेला स्वस्त आणि टिकाऊ डोळा दिला: गोळा कुठे पडला ते लगेच कळते. धोकाही तितकाच वाढला. रडार उडत्या गोळ्याच्या मार्गावरून तोफेची जागा शोधते, आपले स्वाती रडार हेच करते. म्हणून मारा करून काही मिनिटांत जागा सोडावी लागते. ओढत न्यायच्या तोफांना ते जड जाते. शिवाय नळ्या झिजतात आणि गोळ्यांचे कारखाने वेळेत पुरे पडत नाहीत. लांबलेल्या युद्धात प्रश्न पुन्हा दारूगोळ्याचाच होतो.

तोफखान्यात भरती व्हायचे असेल तर?

मिलिटरी अपशिंग्यापासून जतपर्यंत हा प्रश्न आहेच. भरतीची प्रक्रिया सैन्याची नेहमीचीच. जवानांचे प्रशिक्षण नाशिकरोड आणि हैदराबादला, अधिकारी व तज्ज्ञांचे अभ्यासक्रम देवळालीला. गोळे उचलायला ताकद लागते, पण गणित कच्चे ठेवू नका: कोन, नकाशावाचन, दशांश. सर्वेक्षण, रडार आणि हिशोबाच्या कामांत तेच उपयोगी पडते. २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो, कारण १८२७ मध्ये त्या दिवशी मुंबई फौजेची डोंगरी बॅटरी उभी राहिली. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाला डोंगरी बॅटऱ्या सोडून बाकी तोफखान्यापासून जवळजवळ दूरच ठेवले. मैदानी तोफखाना त्याच्या हातात पुन्हा आला तो १९३५ मध्ये.

गडावरच्या तोफेला रंग द्यावा का? गाडा करून बसवावी का?

ऑइलपेंट, चंदेरी रंग, डांबर, काहीही लावू नका. रंगाखाली ओल अडकते आणि गंज आतून पापुद्र्यांनी सुटतो, सोबत लेखही जातो. आम्ल आणि ग्राइंडर तर कधीच नको. सिमेंटच्या चौथऱ्यात तोफ अर्धी गाडणे हा सर्वात मोठा घात, कारण सिमेंट ओल धरते आणि ती तोफ पुन्हा न फोडता काढता येत नाही.

सागवानी गाडा चांगला, पण राज्य संरक्षित किंवा केंद्र संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आणि तज्ज्ञाची देखरेख हवीच. वासोट्यासारख्या अभयारण्यातल्या गडावर वनविभागाचीही. तोंड किंचित खाली ठेवा, पाणी आत साचत नाही. चाकांखाली दगडी फरशी, म्हणजे लाकूड मातीला टेकून कुजत नाही.

उचलण्याआधी वजन काढा. लांबी २०० सेंटिमीटर, बाहेरचा सरासरी व्यास ३०, आतला १० असेल: ९०० वजा १००, गुणिले ०.७८५, गुणिले २००, येतात सुमारे १,२५,६०० घन सेंटिमीटर. ७.२ ने गुणले की ९०५ किलो. मागची बाजू भरीव असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणजे ‘दहा-बारा पोरं लावू’ हे चालत नाही. तिपाई, चेन पुली आणि रुंद पट्टे लागतात. पट्टे खुंटांजवळ, कधीही तोंडाला किंवा मागच्या बोंडाला नाहीत. उतारावर दोन्ही बाजूंना पाचरी लावल्याशिवाय कुणी खालच्या अंगाला उभे राहू नये. गोल नळी एकदा गडगडली की थांबत नाही.

शिवजयंतीला किंवा गडाच्या उत्सवात जुनी तोफ उडवता येईल का?

नाही. थोडी दारू घालूनही नाही. बिडात ओतताना राहिलेल्या पोकळ्या, दोन-तीनशे वर्षांचा गंज आणि न दिसणाऱ्या चिरा यांचा अंदाज बाहेरून येत नाही. नवी तोफसुद्धा पूर्वी जादा दारूने पारखून मगच वापरात घेत. फुटलेल्या बिडाचे तुकडे शेकडो फूट जातात आणि गर्दी तोफेजवळच असते. त्यात वारसा वस्तूची नासधूस आणि विनापरवाना स्फोटके हे दोन्ही गुन्हे. सलामीचा मान द्यायचा असेल तर तोफेला हार घाला, फुले वाहा, आवाजाला ढोल-ताशे आणि हलगी आहेत.

नांगरताना किंवा विहीर खणताना गोळा सापडला. काय करावे?

आधी काम थांबवा आणि हात लावू नका. गोळा भरीव दिसतो म्हणून भरीव असतोच असे नाही. त्याला एक लहान भोक किंवा लाकडी गुडदी दिसली तर तो कुलपी गोळा असू शकतो. आतली जुनी दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. लांबट, टोकदार, खाली तांब्याची पट्टी असलेली वस्तू म्हणजे आधुनिक गोळा, तो जास्त धोकादायक. ठोकणे, भोक पाडणे, वेल्डिंग, भंगारात विकणे, चुलीजवळ नेणे, यांतले काहीही नको. घरी आणून ओसरीवर ठेवणे हीही वाईट सवय आहे.

माणसे आणि जनावरे लांब करा, जागेवर खूण करा, दुरून एक फोटो काढा, ११२ वर फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. बॉम्बशोधक पथकाने निर्धोक ठरवल्यावर पुढचा भाग येतो. जमिनीत सापडलेली जुनी मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, त्यात गट नंबर, खोली आणि सापडल्याची तारीख लिहा आणि पोच घ्या. गोळा कोणत्या खोलीवर, कोणत्या थरात आणि कशाबरोबर सापडला ही माहिती जागेवरून हलवल्यावर परत मिळत नाही, म्हणून खड्डा तसाच उघडा ठेवून त्यावर नुसते फळकूट टाका.